अपुरा आवाज

आमचा पुतण्या चाकणच्या एका कारखान्यांत पाळीनें काम करतो. परवां रात्रपाळीहून आला तो न झोपतां संगणकापाशीं बसला, आणि निगडीचें आमचें घर एका पंजाबी आवाजानें भरून गेलें. ताल मात्र आपल्या हलगीचा! चौकशीअंतीं कळलें, कीं हा आवाज सिद्धू मूसेवाला या रॅपगायकाचा; २९ मे २०२२ रोजीं पंजाबांत मानसा जिल्ह्यांत त्याची हत्या झाली. हें गीत त्याच्या हयातींत निघालें नव्हतें; कुणाच्या तरी फोनमधून तें इथवर आलें होतें.

"काका, हलगी घातली, कीं आपल्या भोसरी-चाकणच्या पोरांनाही तो आपला वाटेल," पुतण्या म्हणाला.

आम्हीं त्यास थांबविलें. मूसेवाला गेल्यावर त्याच्या मंडळींनीं संगीतकारांस विनंति केली होती, कीं अपुरीं गीतें बाहेर न काढतां वडिलांच्या स्वाधीन करावींत. त्याच वर्षीं जूनमध्यें त्याच्याच वाहिनीवरून एक नवें गीत निघालेंही. पण पुढें मुंबईचे संगीतकार सलीम मर्चंट यांनीं, २०२१ सालीं त्याच्यासह ध्वनिमुद्रित केलेलें गीत जाहीर करतांच, आईबापांच्या अर्जावरून मानसाच्या न्यायालयानें तें रोखलें. गेलेल्याचा आवाज कायमचा मिटावा, असें घरच्यांचें म्हणणें नव्हतें. आपणांस विचारावें, एवढेंच होतें.

खरें सांगावयाचें तर आमच्या उपदेशाचें मूळ निराळें होतें. आमच्या कपाटांत थोरल्या बंधूंची, म्हणजे याच्या वडिलांची, एक कॅसेट आहे. कारखान्याच्या दारावरील सभांतून ते स्वतःचीं कवनें म्हणत. या कॅसेटमध्यें एका कवनाच्या मध्येंच ते थांबतात, खोकतात, आणि म्हणतात, "हें नको. उद्यां पुन्हां घेऊं." तें पुन्हां घेणें राहूनच गेलें. पुतण्याचा डोळा आतां या कॅसेटवर होता, आणि खोकला गाळणें यंत्रास क्षणाचें काम!

देहू येथून जवळच. तुकोबांची गाथा लोकांनीं तारली ती आपापल्या गळ्यानें गाऊन. तुकोबांचा गळा कुणीं उसना घेतला नाहीं. हें सारें सांगूनही अखेर आम्हीं कॅसेट दिलीच. अट एक: वडिलांचा एकही शब्द गाळावयाचा नाहीं.

काल त्यानें ऐकविलें. "हें नको"पाशीं हलगी थांबते आणि नुसता खोकला ऐकूं येतो. वहिनी भाजी निवडीत होत्या. त्या कांहीं न बोलतां उठून आंत गेल्या.

मूसेवालाच्या आईबापांची संमति आम्हीं इतकी समजावून सांगितली; वहिनींस विचारावयाचें मात्र आम्हां दोघांपैकीं एकाच्याही ध्यानांत आलें नव्हतें.