तपकिरीची बाटली

मंडळी, मुलांना 'ब्राउन'ला मराठीत काय म्हणतात ते विचारून बघा. मराठी शाळेत जाणारं पोर लगेच 'तपकिरी' म्हणेल. पण तपकीर म्हणजे काय, ते माझ्या लेकीला ठाऊक नव्हतं. तंबाखूची बारीक पूड, नाकात ओढायची. इथल्या भाषेत श्नुप्फटाबाक. माझी आजी दुपारी आवराआवर झाली की मागच्या पायरीवर बसून पितळी डबीतली चिमूटभर ओढायची. सवयीच्या माणसाला शिंक येत नाही. शिंकायचो आम्ही, चोरून ओढल्यावर.

हे सांगायचं कारण, गेली बारा वर्षं मी चिनी तपकिरीच्या बाटल्या गोळा करतो. सुरुवात बायरिशर वाल्डमध्ये झाली. सुट्टीत पाऊस लागला म्हणून ग्राफेनाउच्या तपकीर संग्रहालयात शिरलो. तिथल्या काच कारागिरांनी फावल्या वेळात उरल्यासुरल्या काचेतून घडवलेल्या रंगीत बाटल्या बघितल्या आणि नाद लागला.

युरोपातल्या दरबारी लोकांकडे तपकिरीची डबी असे, चीनमध्ये मात्र बाटली. दमट हवेत पूड सादळू नये म्हणून घट्ट बूच, आणि बुचालाच खाली जोडलेला इवलासा चमचा. बाटली तळहातात मावेल एवढी. छिंग बादशहांना याचं भारी वेड. कांगशी बादशहाने १६९६ साली पेकिंगच्या राजवाड्यासाठी काचेचा कारखाना काढला. तो उभा करून देणारा जेझुइट पाद्री, किलियान श्टुम्फ, आपल्या व्युर्त्सबुर्गचा! पोर्सिलेनच्या बाटल्या घडत दक्षिणेत, चिंगदचेनच्या भट्ट्यांत. त्या मोठ्या संख्येने झाल्या त्या बऱ्याच नंतर, एकोणिसाव्या शतकात.

मला अर्थातच शाही बाटली हवी होती. सहा वर्षांपूर्वी एका लिलावात मिळाली. पांढऱ्या अंगावर पीचची फळं, तळाला लाल अक्षरांत छ्येनलुंग बादशहाची मुद्रा. त्याची कारकीर्द १७३६ ते १७९५. मोजले ९०० युरो. घरी सांगताना एक शून्य गाळलं. (हा अंक घरी पोचायच्या आत ते बोलून टाकावं लागणार.)

पुढे एका जाणकार बाईंना दाखवली. त्यांनी ती उलटी केली, तळाच्या कडेवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, विसाव्या शतकातली आहे, तीही उत्तरार्धातली. कड कुठेच झिजलेली नाही, चमच्याला तपकिरीचा डाग नाही. आणि मुद्रेवर विसंबू नका. जुन्या बादशहाची मुद्रा मागाहून घालायची रीतच होती, कधी आदरापोटी, कधी फसवायला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण ९०० युरो म्हणजे ९०० युरो. दोन रात्री झोप नाही.

लेकीला गंमत म्हणून हे सांगत होतो. ती बाटली हातात घेऊन म्हणाली, "म्हणजे यातून कोणीच कधी तपकीर ओढली नाही? मग पणजीची डबी कुठेय?"

पणजीची डबी नाही. २००८ साली मिरजेचं घर रिकामं करताना तांब्यापितळेचं सगळं वजनावर मोडीत घातलं. हंडे, घंगाळ, परात, आणि त्यातच ती डबी. मीच टाकली. परतीचं विमान दोन दिवसांवर होतं. झाकण सैल होतं, तराजूत पडताना उघडलं आणि वास आला. तरीही उचलली नाही. किती ग्रॅम भरली असेल? परदेशी बादशहांच्या बाटल्यांना कपाटात दिवे लावून ठेवणाऱ्या माणसाने हे केलंय.

तेव्हा एक विनंती. तुमच्यापैकी कुणाकडे आजी-पणजीची तपकिरीची डबी असेल, तर दिवाळीच्या कार्यक्रमाला घेऊन या. विकत मागणार नाही. लेकीला उघडून दाखवायची आहे. रिकामी असली तरी चालेल, वास राहतो.