मान वळेनाशी झाली तेव्हा

आमची दोन एकर डाळिंबाची बाग इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या भिजवणाखाली आहे. शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी पूर्णवेळ शेतीकडे वळलो आणि झाडांच्या दोन ओळींमधून जाईल असा छोटा ट्रॅक्टर व त्याच्या मागे जोडायचा रोटाव्हेटर घेतला. बैलांच्या कुळवाला जिथे दिवस लागे, तिथे हे काम दोन-तीन तासांत उरके. या यंत्राने मला तरुणपण परत दिले, असे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असे. आज माझे वय ७४ आहे.

नांगर किंवा कुळव ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जातो. रोटाव्हेटरचे तसे नाही. इंजिनाची शक्ती पीटीओच्या दांड्यातून मागे जाते आणि वाकड्या पात्यांचा अख्खा रूळ जमिनीत फिरतो. हा दांडा साधारणपणे मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. कुणी ‘अहो’ म्हणेपर्यंत धोतराचा सोगा त्यात गुंडाळला गेलेला असतो. ऑस्ट्रेलियातील आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या तरुणाने १९१२ च्या सुमारास आपल्या वडिलांच्या शेतावर या कल्पनेचे पहिले प्रयोग केले. तिथेही शेत वडिलांचे आणि यंत्राची हौस मुलाची होती. आमच्या घरी हौस म्हाताऱ्याची, एवढाच फरक.

चालकाने ओळीसाठी पुढे पाहायचे आणि खोली किती बसली, ठिबकची नळी गुंतली का, हे मागे वळून पाहायचे. तासाभरात मान किती वेळा वळते, हे मी कधी मोजले नव्हते. ती वळेनाशी झाली आहे, हेही माझ्या ध्यानात आले नव्हते.

मार्गशीर्षातली सकाळ होती. आंबे बहार धरण्यापूर्वीची मशागत चालली होती. ओळीच्या टोकाला एक कोपरा सुटला, म्हणून रोटर न उचलता, फिरता ठेवूनच मी ट्रॅक्टर मागे घेतला. हे करू नये, हे मला ठाऊक होते. पण कंटाळा केला. सौभाग्यवती चहा घेऊन मागून येत होत्या. त्यांनी हाक मारली, ती मला ऐकू आली नाही. हातातली किटली पडली आणि तिची चमक डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसली, म्हणून क्लच दाबला गेला. त्यांचा पदर आणि पाती यांत दोन हातांचे अंतर उरले होते. त्यांनी किटली उचलली आणि म्हणाल्या, “चहा सांडला. पुन्हा करून आणते.” त्या दिवशी एवढेच बोलणे झाले. मुलाला आम्ही दोघांनीही काही सांगितले नाही.

पुढे रक्तदाबाच्या तपासणीसाठी बारामतीला गेलो, मुलगा बरोबर होता. डॉक्टरांनी खुर्चीत ताठ बसवून, खांदे न हलवता हनुवटी खांद्याकडे न्यायला सांगितली. डावीकडे ती बऱ्यापैकी गेली, उजवीकडे अर्ध्यावरच अडली. “मग ट्रॅक्टर चालवताना मागे कसे पाहता?” त्यांनी विचारले. “पाहत नाही, आवाजावरून समजते,” मी म्हणालो. सौभाग्यवती हसल्या. “टीव्हीचा आवाज शेजाऱ्यांना ऐकू जातो, तेव्हा कुठे यांना समजते!” त्या हसण्याने माझी जीभ सैल झाली आणि मार्गशीर्षातली सकाळ मी तिथेच, मुलादेखत सांगून टाकली.

मानेच्या मणक्यांची झीज या वयात बहुतेकांना असतेच, असे डॉक्टरांनी समजावले. शिवाय ट्रॅक्टरच्या बैठकीचे हादरे कंबरेत उतरतात. त्यात धड पिळून बसले की ताण अधिक पडतो. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्याने तासभर बसून एकदम उडी मारून उतरले, तर भोवळही येऊ शकते. क्षणभर थांबावे, तोंड ट्रॅक्टरकडे ठेवून, धरून उतरावे.

परतताना गाडीत कुणी बोलले नाही. मुलगा चावी काढून घेणार, अशी माझी खात्री होती आणि भांडणाची तयारीही मी मनात केली होती. घराजवळ आल्यावर तो म्हणाला, “आबा, मला वापसा कळत नाही. तुम्ही सांगाल त्याच दिवशी मी रोटर घालीन.” घरातल्या वडीलधाऱ्यांना सांभाळणाऱ्या वाचकांनी हे वाक्य लक्षात ठेवावे, असे मला वाटते. चावी मीच दुसऱ्या दिवशी त्याच्या हाती दिली.

वापसा पाहणे हे खरोखरच पुस्तकातून येत नाही. चार बोटे खोलीवरची माती मुठीत दाबावी. गोळा होऊन खाली पडताच फुटला, तर जमीन तयार आहे. हाताला चिकटली, तर थांबावे. ओल्या काळ्या रानात रोटर फिरवला की वर भुसभुशीत आणि खाली दडस थर तयार होतो. डाळिंबाची मुळे वरच्या थरात असतात. ती तुटली की जखमेतून मर रोगाला वाट मिळते. म्हणून मी खोली कमी ठेवायला आणि खोडापासून लांब राहायला सांगतो. हरळीत तर रोटर घालूच देत नाही. तिचे जितके तुकडे, तितकी नवी रोपे.

बांधावरून माझा दराराही चालतो. मागे घेताना रोटर वर आणि पीटीओ बंद. मागे माणूस दिसला की काम थांबवायचे. नळी गुंडाळली गेली, तर रोटर जमिनीवर टेकवून इंजिन बंद करायचे, चावी खिशात ठेवायची, मगच हात घालायचा. पाते लागून खरचटले, तर मातीच्या जखमेवर हळद दाबून भागत नाही. धनुर्वाताची लस कधी घेतली होती, हे पाहून दवाखाना गाठावा लागतो.

मानेचे व्यायाम सकाळी करतो. हनुवटी थोडी पुढे सरकली आहे, पण मी परत ट्रॅक्टरवर चढलेलो नाही. कधी चढावेसे वाटते. विशेषतः पहिल्या तासाची ओल्या मातीची सणक नाकात गेली की. परवा मुलाने टोकाला घाई केली, तेव्हा मी उपरणे हवेत हलवले. त्याने मान वळवून पाहिले आणि रोटर वर उचलला. सौभाग्यवती आता चहा बांधावरच ठेवतात आणि सगळे तिथे येईपर्यंत किटलीचे झाकण उघडत नाहीत.