सिस्टरांची वही

सिस्टरांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते खपणार नाही. पण पुण्याजवळच्या त्या वृद्धाश्रमात माझ्या आत्याची शेवटची वर्षं मानानं गेली ती त्यांच्यामुळे, आणि हे देणं दरमहाच्या पावतीत मावणारं नव्हतं.

प्रवेशाच्या छापील अर्जात रक्तदाब, साखर, शाकाहारी की मांसाहारी, एवढंच विचारलं होतं. तो भरून झाल्यावर सिस्टरांनी शंभरपानी वही उघडली. कुठल्या कुशीवर झोपतात? रागावल्या की बोलतात की गप्प बसतात? हाक काय मारायची? आत्या जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवत होती. ‘आजी’ म्हटलं तर ती ढिम्म, ‘बाई’ म्हटलं की लगेच वळायची.

पुढे ती आंघोळीला नकार देऊ लागली, मावशींना ओरबाडू लागली. डिमेन्शिया वाढलाय, गोळी सुरू करा, असं कुणीतरी सुचवलं. सिस्टरांनी आधी वेळा टिपल्या. आंघोळ नऊला, म्हणजे दिवसपाळीच्या सोयीनं. घरी आत्या उजाडायच्या आत न्हाऊन, देवापुढे दिवा लावून मगच चहा घ्यायची. आंघोळ रातपाळीकडे गेली. तिथली एकटी मावशी कुरकुरली, आणि तिचं काय चुकलं? मग काही दिवस सिस्टर स्वतः पहाटे येत राहिल्या. ओरबाडणं थांबलं, गोळी लागलीच नाही.

आजाराच्या आड माणूस असतो, हे टॉम किटवुड या ब्रिटिश अभ्यासकानं १९९७च्या पुस्तकात मांडलं. मी ते नंतर वाचलं. तोवर सिस्टरांकडून शिकून झालं होतं.

वही बदलत गेली. पातळ चहाचा ठसका लागू लागला, तेव्हा डॉक्टरांना विचारून तो बिस्किट विरघळवून दाटसर केला, पण बंद केला नाही. अंथरूण धरल्यावर दर दोन तासांनी कूस बदलायचा तक्ता भिंतीवर लागला. त्यात डावी कूस वगळलेली, कारण तो खुबा मोडलेला.

२००७च्या कायद्यानुसार राज्य सरकार जिल्ह्यागणिक किमान दीडशे निराधार ज्येष्ठांची सोय होईल असा वृद्धाश्रम काढू शकतं. दीडशे वह्या कोण लिहिणार?

आत्या गेल्यावर मी सिस्टरांपुढे पाकीट धरलं. त्यांनी ते परत केलं. “त्यापेक्षा विश्वस्तांना पत्र लिहा, रातपाळीला आणखी एक मावशी द्या म्हणून.” लिहिलं. दरवर्षी लिहितो. रातपाळीला अजून एकच मावशी आहे.