भरतीला पक्षी, ओहोटीला निवटे

सिंगापुरातल्या मराठी घरांत डिसेंबर आला की गावाकडून आई-वडील येतात आणि त्यांना काय काय दाखवायचं याची यादी ठरलेली असते. मरीना बे, सेंटोसा, लिटल इंडियातलं मुस्तफा. दोन-तीन दिवसांत आजोबांचे गुडघे बोलू लागतात, नातवंडं मॉलला कंटाळतात आणि मग कुणीतरी सुंगेई बुलोचं नाव काढतं. खरं तर यादीत ते पहिलं असायला हवं.

बेटाच्या वायव्य टोकाला, जोहोरच्या सामुद्रधुनीला लागून हे पाणथळ राखीव क्षेत्र आहे. क्रांजी एमआरटी स्टेशनवरून 925 नंबरची बस पकडायची. आत जायला तिकीट नाही आणि चढणही जवळपास नाहीच. किनाऱ्यालगतची पायवाट 1.3 किलोमीटरची, स्थलांतरित पक्ष्यांची वाट साधारण दोन किलोमीटरची. काही ठिकाणी खारफुटीतून लाकडी फळ्यांचा पूल जातो, तर मधूनमधून आडोशाची लाकडी घरं आहेत. त्यांच्या झरोक्यांतून पक्षी बघत आजी-आजोबांना निवांत टेकताही येतं.

ही जागा वाचली ती पक्षी बघणाऱ्यांमुळे. इथे पूर्वी कोळंबीची तळी होती. ती पडीक होऊ लागली तेव्हा आधुनिक शेतीच्या प्रकल्पासाठी ही जमीन वापरायचं सरकारच्या मनात होतं. 1986 मध्ये मलायन नेचर सोसायटीच्या सिंगापूर शाखेतल्या मंडळींना इथे पक्ष्यांचे थवे दिसले आणि त्यांनी जागा राखण्याची मागणी लावून धरली. 1989 मध्ये 87 हेक्टर जागा निसर्ग उद्यानासाठी ठरली, 1993 मध्ये ती लोकांना खुली झाली आणि 2002 मध्ये 130 हेक्टरांना कायद्याचं संरक्षण मिळालं. समुद्रात भराव टाकून जमीन वाढवणाऱ्या, बहुतेक खारफुटी गमावलेल्या देशाने चिखल तेवढा चिखलच राहू दिला, ही काही छोटी गोष्ट नव्हे.

चिखल राहू दिला म्हणजे वाऱ्यावर सोडला, असं मात्र नाही. गोव्याच्या खाजनात भरतीचं पाणी आवरायला मानस असते, तशी झडपांची दारं इथल्या जुन्या तळ्यांना आहेत. बाहेरचा किनारा भरतीत बुडतो तेव्हा चिखलातले किडे-शिंपले टिपणाऱ्या पक्ष्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही. म्हणून तळ्यांतलं पाणी कमी ठेवून आतला चिखल उघडा ठेवतात. साहजिकच पक्षी बघायचे तर भरतीची वेळ गाठावी. सप्टेंबर ते मार्च या काळात सैबेरियाकडून आलेले सोनचिखले, लाल पायांचे टिलवे आणि वाकड्या चोचीचे कुरव अगदी समोर चरताना दिसतात.

ओहोटीला खेळ बदलतो. पाणी सरलं की फळ्यांच्या पुलाखाली निवटे बाहेर येतात. डोक्यावर आलेले बटबटीत डोळे गरगर फिरवत, पुढच्या परांवर रेटा देत ते चिखलावरून सरकतात. अंग ओलं असेपर्यंत कातडीतूनही श्वास घेता येत असल्यामुळे त्यांना पाण्यात परतण्याची घाई नसते. पोरं कठड्याला चिकटून ओरडतात, "आजी, मासा चालतोय!" रत्नागिरीकडची आजी वाकून बघते आणि म्हणते, "हे होय! आमच्याकडे ह्यांचं झणझणीत कालवण करतात." नातवाचा चेहरा बघण्यासारखा होतो. शेजारीच कमरेएवढे मातीचे ढिगारे दिसतात. ते उकरणारी चिखलातली शेवंडी सहसा रात्री काम करते आणि क्वचितच कुणाला दिसते.

पुलावरून ऊद दिसतात, घोरपडी तर वाटेवरच आडव्या येतात. आणि हो, खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. त्या रंगवलेल्या पाटीपुरत्या नाहीत, खऱ्याखुऱ्या आहेत. वाट सोडायची नाही आणि मगर दिसली तर शांतपणे मागे सरायचं, एवढा नियम पोरांना आधीच बजावून ठेवावा. बाबागाडीतल्या बाळाला घेऊनही लोक येतात ते हा नियम पाळतात म्हणूनच.

मुंबईकर पाहुणे इथे हमखास विचारतात, "आपल्याकडे असं का नाही?" आहे की. ठाणे खाडीच्या फ्लेमिंगो अभयारण्यात ऐरोलीला खारफुटीतून जाणारी अशीच वाट आहे आणि 2022 मध्ये ही खाडी रामसर यादीतही गेली. सिंगापूर पाहून परतलेल्यांनी एखादा रविवार ऐरोलीलाही द्यावा.

सुंगेई बुलोला येणाऱ्यांनी भरती-ओहोटीची वेळ आदल्या रात्रीच पाहून ठेवावी. फाटक सकाळी सातला उघडतं आणि ऊन लवकर चढतं, त्यामुळे उजाडताच निघालेलं बरं. पाणी घरूनच भरून न्यावं. थालीपिठाचा डबा मात्र सॅकच्या तळाशी ठेवा, कारण इथल्या लांब शेपटीच्या माकडांना हातातली प्लास्टिकची पिशवी लांबूनच ओळखू येते.