अर्ध्या सुताची झीज

नारायण पेठेत एके काळी दिवस उजाडायचा तो ट्रेडल मशीनच्या खटखटीनं. केसरीवाड्याच्या आसपासच्या बोळांत, वाड्यांच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोल्यांत छापखाने होते. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दिवाळी अंक, सगळं तिथंच छापलं जाई. यंत्र म्हटलं की झीज आलीच. त्या झिजेवर आमच्या काकांचं लेथ चालायचं.

काम मुख्यतः बुशचं. फिरणारा शाफ्ट ज्या जाड नळीत टेकतो ते बुश. शाफ्ट पोलादी, बुश गनमेटलचं, म्हणजे तांबं, कथील आणि थोडं जस्त. मऊ धातूनं झिजायचं आणि महागड्या शाफ्टला वाचवायचं, अशी ती वाटणी. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठा बुडाल्या. पाणी ओसरल्यावर छापखानेवाल्यांनी यंत्रं धुतली, पुसली, तेल घातलं. पण बुशच्या आत बसलेली रेती तेलात कालवली गेली आणि बुशं भराभर खाऊ लागली. “पाण्यानं यंत्र मरत नाही, रेतीनं मरतं,” हे काकांचं वाक्य त्या वर्षापासूनचं.

म्हणूनच सत्तरच्या दशकात हर्णैहून एक तांडेल बोटीच्या पंख्याच्या शाफ्टचं बुश घेऊन आले, तेव्हा समुद्र फारसा न पाहिलेल्या काकांना ते काम परकं वाटलं नाही. इंजिनाचे सुटे भाग न्यायला तांडेल पुण्याला येत. पावसाळ्यात बोट किनाऱ्यावर ओढलेली असे. नारळी पौर्णिमेच्या आत सगळं उरकायला हवं. गोणपाटात गुंडाळलेलं जुनं बुश टेबलावर आलं की काका आधी माप घेत नसत. उजेडात धरून आतून बोट फिरवत.

“तांडेल, खालच्या अंगाला झिजलंय ते पंख्याच्या वजनानं. ते चालायचंच. पण हे बघा, पुढच्या तोंडाला वरून खाल्लंय आणि मागच्या तोंडाला खालून.”

“म्हणजे हो काका?”

“म्हणजे शाफ्ट तिरका फिरतोय. इंजिन सरळ बसलेलं नाही. बुश मी देतो, पण आधी इंजिनाचे बोल्ट बघा. नाहीतर पुढच्या पावसाळ्यात हेच घेऊन परत याल.”

शाफ्ट एक इंची असेल आणि पंखा धरून हलवल्यावर तो अर्धं सूत, म्हणजे इंचाचा सोळावा भाग, हलला तर बुश बदलायचं, असा ठोकताळा होता. नवं बुश बसवताना शाफ्ट आणि बुश यांच्यात पाण्याला जागा ठेवायची. घट्ट बसलं तर जळायचं, सैल बसलं तर धडधडायचं. मोठ्या आगबोटींना तर लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाचं बेअरिंग असे. ते पाण्यात बुडण्याइतकं जड, आणि अंगच्या राळेनं स्वतःला वंगण देणारं.

आता पेठेतली खटखट थांबली. छपाईचे खिळे गेले, ऑफसेट आलं, तेही शहराबाहेर गेलं. वाड्यांच्या जागी इमारती आणि तळमजल्यावर अभ्यासिका. लेथ चुलतभावानं नऱ्ह्याला हलवलं.

बोटींनाही आता रबराचं बेअरिंग मिळतं. बाहेर पितळी नळी, आत रबर, रबराला लांबीच्या दिशेनं खाचा. खाचांतून समुद्राचं पाणी खेळतं. तेच वंगण, आणि रेती आली तर तेच तिला वाहून नेतं. काकांचा वैरी असा परस्पर बाहेर निघतो. ग्रीस नको. फक्त कोरडं फिरवायचं नाही, रबर जळतं. जुनं काढायला हॅकसॉच्या पात्यानं आतून लांबीत चीर पाडायची, बेअरिंग ज्यात बसतं त्या ट्यूबला न दुखवता, आणि नळी आत दाबून ओढायची. नवं ठोकून नाही, लांब बोल्ट आणि वॉशरनं हळूहळू खेचून बसवायचं. शाफ्टचा व्यास आणि ट्यूबचं माप चुलतभावाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलं की माल कुरिअरनं येतो. पुण्याची खेप वाचली. हे जुन्यापेक्षा चांगलंच आहे. गनमेटलसाठी उसासे टाकण्यात अर्थ नाही.

खटकतं ते वेगळं. माप पाठवताना जुनं बेअरिंग कुणी पाठवत नाही. ते भंगारात जातं, आणि बोट वर्षभर कशी चालली याची साक्ष त्याच्याबरोबर जाते. रबरही तिरकं झिजतं. इंजिन तिरकं असेल तर उत्तम बेअरिंगही हंगामभरात तसंच खाल्लं जाणार. चुलतभावानं यावर साधा नियम केला आहे. मापाबरोबर जुन्याच्या दोन्ही तोंडांचे फोटो आल्याशिवाय तो ऑर्डर घेत नाही. गिऱ्हाईकं कुरकुरतात, पण पाठवतात. फोटोत झीज एकसारखी दिसली तर माल त्याच दिवशी निघतो. वाकडी दिसली तर तो आधी फोन करतो आणि इंजिन आणि शाफ्ट जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन तबकड्यांमधली फट चारही बाजूंनी फीलर गेजनं मोजायला लावतो. मालाचे पैसे त्यानंतर.

काकांना फोटोवरून झीज वाचणं पटलं नसतं. बोट फिरवल्याशिवाय कळत नाही, म्हणाले असते. पण आधी जुनं बघायचं आणि मगच नवं द्यायचं, हा त्यांचा क्रम नऱ्ह्यात अजून शाबूत आहे.