अभिजित आणि श्रवण

आश्विनातल्या निरभ्र रात्री आरतीनंतर देवळाच्या पायऱ्यांवर बसलो, की अभिजित व श्रवण हे तारे आम्ही हटकून शोधतो. जपानी लोककथेत ती एक विणकरीण आणि एक गुराखी; आकाशगंगेने दुरावलेली, वर्षातून एकदाच भेटणारी. ह्या भेटीचा तानाबाता उत्सव सेन्दाई नगरीत थाटाने होतो. वीज कंपनीचा संघ म्हणून १९८८ साली जन्मलेल्या तेथील फुटबॉल संघाने १९९९ साली ह्याच ताऱ्यांच्या वेगा व अल्टेअर ह्या पाश्चात्त्य नावांवरून 'वेगाल्टा' असे नाव धारण केले.

११ मार्च २०११ रोजी भूकंपाने व त्सुनामीने तो किनारा उद्ध्वस्त केला. सामने थांबले. २३ एप्रिलला संघ कावासाकीत पुन्हा मैदानात उतरला आणि एका गोलाने मागे पडूनही २-१ असा जिंकला. त्या वर्षी तो चौथा आला, पुढल्या वर्षी दुसरा.

ज्यांची माणसे समुद्राने नेली, त्यांना गोलाचे काय, असा प्रश्न आम्हांस पडला होता. पण सुतकातला माणूस देवळात जात नाही. पालखी वाटेने निघाली, की दुरूनच हात जोडतो. गाव चालते आहे, एवढेच त्याला बळ देते. सेन्दाईची पालखी त्या दिवशी परगावी निघाली होती.