शिंग्रोबाच्या वाटेवर

चाळिशी उलटलेल्या माणसाने नवी सायकल घेतली, की शेजाऱ्यांना त्याची दोनच कारणे सुचतात. एक तर डॉक्टरांनी सांगितले असावे, नाही तर पेट्रोल परवडत नसावे. माझ्या बाबतीत दोन्ही खरी असल्यामुळे मी कोणाशी वाद घातला नाही. "मराठीच्या प्राध्यापकाने सायकलवर बसून बोरघाट चढायचा म्हणजे..." एवढेच म्हणून आमच्या सौ.ने पोळी तव्यावर टाकली आणि वाक्य पुरे करण्याचे काम माझ्या कल्पनाशक्तीवर सोपवले.

बेत मूळचा आमच्या भूगोलाच्या प्राध्यापकांचा. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे कर्जत स्टेशनापासून निघायचे, पळसदरीवरून खोपोली गाठायची, जुन्या रस्त्याने घाट चढून पुणे जिल्ह्याच्या हद्दीत शिरायचे, लोणावळ्याला जेवायचे आणि दिवेलागणीच्या आत घरी यायचे. द्रुतगती मार्गावर सायकलला मज्जाव आहे, तेव्हा जुना रस्ताच आम्हांला मोकळा. भूगोलवाल्यांनी हे सारे फळ्यावर आखून दाखवले. फळ्यावर चढ नव्हता.

आम्ही आठ जण होतो. भूगोलवाले, ग्रंथपाल, गावातले एक दंतवैद्य, दुसऱ्या वर्षाची तीन मुले, मी आणि कॉलेजातले शिपाईमामा. मामांना कोणी बोलावले नव्हते. नोटीस फिरवताना त्यांनी बेत ऐकला आणि "मी येऊ का, सर?" असे विचारले. निवृत्तीला वर्ष उरलेल्या माणसाला नाही कसे म्हणायचे, म्हणून आम्ही हो म्हटले, आणि मनातून सगळ्यांनीच धरून चाललो होतो की मामा खोपोलीहून परत फिरतील. बाकीच्यांच्या सायकली गिअरच्या. मामांची ती जाड नळीची काळी सायकल, मागे दुधाचे कॅन सहज बसतील असे कॅरिअर, आणि घंटी सोडून सारे काही वाजणारे.

कर्जत ते खोपोली हा पंधरा-सोळा किलोमीटरचा रस्ता फार सुखाचा. शेतांवर धुके, डावीकडे सह्याद्रीची भिंत, हाताला गारवा. मुले गाणी म्हणत पुढे गेली. दंतवैद्य थंडीने दात वाजवत होते आणि त्यावर ग्रंथपालांनी केलेला विनोद मी येथे देत नाही, कारण तो त्यांनी दिवसभरात पाच वेळा केला.

खोपोलीत चहा झाला. तेथून डोंगराच्या अंगावरून खाली उतरणारे मोठे नळ दिसतात. वरच्या तलावांचे पाणी त्यांतून येते आणि १९१५ पासून टाटांच्या केंद्रात वीज करते. भूगोलवाल्यांनी त्यावर व्याख्यान सुरू केले, पण मामांनी चहाचा ग्लास खाली ठेवून "ऊन चढायच्या आत निघू या, सर" म्हटल्यावर आम्ही उठलो. परत फिरायची गोष्ट मामांनी काढलीच नाही.

खोपोली ते खंडाळा चढ सुमारे ५०० मीटरांचा. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत हा घाट पहिल्याने सर करणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात. मी पहिल्या दोन वळणांतच प्रजाजन झालो. तिसऱ्या वळणावर पोटऱ्यांनी राजीनामा दिला, चौथ्यावर श्वासाने. शेजारून ट्रक कण्हत जात होते आणि त्यांचा वेग माझ्याहून फार नव्हता, एवढाच दिलासा. मुले, भूगोलवाले, दंतवैद्य, शेवटी ग्रंथपालही वळणाआड दिसेनासे झाले.

कर्जत स्टेशनचा वडा सर्वांना ठाऊक असतो. पण गाडी तेथे थांबते ती वड्यासाठी नव्हे. घाट चढायला पुणेकडच्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात, म्हणून थांबते. मला ते आठवायला आणि पाठीवर एक रुंद पंजा टेकायला एकच गाठ पडली. मामा एका हाताने आपली सायकल सांभाळत दुसऱ्या हाताने मला रेटत होते.

"राहू द्या, मामा. पडाल."

"पायडल मारत राहा, सर. थांबू नका."

असे पन्नासएक पावले गेलो असू. मग मीच उतरलो आणि दोघेही सायकली हातात धरून चालू लागलो. मामांना उतरायची काही गरज नव्हती.

थोड्या वेळाने शिंग्रोबाचे देऊळ आले. या रस्त्याने गेलेला प्रत्येक जण ते ओळखतो. गाडीचा वेग कमी होतो, काच खाली होते आणि एक नाणे बाहेर पडते. गोष्टही सर्वांच्या कानांवरून गेलेली. इंग्रजांना घाटातून वाट सापडेना, ती शिंग्रोबा नावाच्या धनगराने दाखवली. काय बक्षीस हवे म्हणून विचारले तर त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली.

मीही खिशातून दोन रुपयांचे नाणे काढले आणि चालता चालता देवळाच्या दिशेने भिरकावले. ते पायरीला लागून रस्त्यावर आले. मामांनी सायकल उभी केली, नाणे उचलले, सदऱ्याला पुसले आणि माझ्या हातात परत ठेवले.

"फेकू नका, सर. गाडीतली माणसं फेकतात, त्यांना थांबता येत नाही. आपण तर चालतोच आहोत."

मी वरमलो. चपला काढल्या, नाणे आत जाऊन ठेवले. बाहेर येऊन कठड्याला टेकलो, तेव्हा मामा दरीकडे पाहत म्हणाले, "त्या दिवशी तुम्ही वर्गात याची गोष्ट सांगत होता. मी नोटीस घेऊन दारात उभा होतो."

मला आठवले. लोकसाहित्याचा तास होता. दंतकथा कशी तयार होते हे समजावताना मी शिंग्रोबाचेच उदाहरण घेतले होते. कोणी म्हणतात त्याने सडकेची वाट दाखवली, कोणी म्हणतात रेल्वेची. गाडीरस्ता गव्हर्नर माल्कमने १८३० मध्ये खुला केला, रेल्वे घाट चढली १८६३ मध्ये. एकच धनगर दोन्ही वेळा कसा मरेल, असा सवाल करून मी वर जोडले होते, "मेंढ्यांनी इंजिनिअरला नकाशा शिकवला म्हणे!" वर्ग खूप हसला होता. प्राध्यापकाला वर्ग हसला की तास चांगला झाल्यासारखा वाटतो.

"पोरं हसली," मामा म्हणाले. रागाने नव्हे. हजेरीपटात खाडाखोड दिसली तर ज्या आवाजात सांगतात, त्याच आवाजात.

मामा खालापूर तालुक्यातल्या एका धनगरवाड्याचे, हे मला सोळा वर्षे ठाऊक होते. ठाऊक होते म्हणजे कागदावर ठाऊक होते.

मी आपला बचाव मांडला. पुरावा नको का? शिवाय वर कार्ले-भाजे येथे दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी आहेत, व्यापारी घाट चढत-उतरत होतेच. वाट आधीपासून असेल तर ती साहेबाला दाखवायची कशाला?

"वाट होतीच की. मी कुठं म्हणतो नव्हती?" मामा म्हणाले. "पण वाट काय आपली आपण राहते का, सर? एक पावसाळा कोणी गेलं नाही तर रान माजतं, दुसऱ्या साली दिसत नाही. माझा आजा पाऊस सरला की मेंढरं घेऊन खाली यायचा आणि पाऊस लागायच्या आत वर जायचा. त्याचा बापही तसाच. दर साली. साहेब काय दर साली येत होता?"

याला तळटीप कोठून देणार? मी "बरोबर आहे" म्हटले. उत्तर अर्धेच ऐकलेल्या विद्यार्थ्याला म्हणतो तसे. वर्गातल्या त्या वाक्याबद्दल माफी मागायला हवी होती. घाटात दोघेच होतो, त्याहून सोपी जागा मिळणार नव्हती. पण तेवढ्यात एक ट्रक कर्णा वाजवत गेला आणि मामांनी सायकलला हात घातला.

वर बाकीची मंडळी संत्री सोलत बसली होती. हद्दीवरून शास्त्रार्थ रंगला होता. रायगड जिल्हा, म्हणजे १९८१ पूर्वीचा कुलाबा, येथे संपला आणि पुणे सुरू झाले, असे ग्रंथपाल पाटीकडे बोट दाखवून सांगत होते. भूगोलवाल्यांना पाटी मान्य नव्हती. खरी हद्द पाण्याची, म्हणाले. इकडे पडलेला थेंब उल्हास नाही तर पाताळगंगा धरून अरबी समुद्राला जातो. तिकडचा इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि थेट बंगालच्या उपसागराला. आणि टाटांनी वळवणला धरण बांधून इंद्रायणीचे पाणी नळातून खोपोलीला उतरवले, म्हणजे पूर्वेचे पाणी पश्चिमेला नेले! मुलांनी मामांना विचारले, तुमची हद्द कोणती?

"पावसाची," मामा म्हणाले. "कोकणातल्या पावसात मेंढरू जगत नाही." आणि त्यांनी संत्र्याची दुसरी फोड तोंडात टाकली.

लोणावळ्याची मिसळ, चिक्कीची खरेदी आणि परतीचा उतार यांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. उतारावर माझे ब्रेक तापून वास मारू लागले. मामा मात्र जपून, थांबत थांबत उतरले. देवळापाशी मी या वेळी न सांगता थांबलो. घरी पोचलो तेव्हा सौ.ने माझे सकाळचे अपुरे वाक्य पुरे केले, पण गरम पाणी आधीच काढून ठेवले होते.

पुढच्या आठवड्यात लोकसाहित्याचा तास होता. शिंग्रोबाचे पान मी पुन्हा उघडले. मागे सांगितले ते अपुरे होते, आणि एक वाक्य तर बोलायलाच नको होते, असे वर्गाला सांगितले. मुलांनी वह्या उघडल्या. तेवढ्यात दारात मामा, हातात नोटीस. मी सही केली आणि म्हटले, "मामा, आत या ना. वाटेचं ते तुम्हीच सांगा यांना."

साठ डोळे दाराकडे वळले. मामांनी नोटीस घडी घालून बगलेत धरली, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"घंटा द्यायची आहे, सर," म्हणाले आणि गेले.

मी घड्याळ पाहिले. तास संपायला अजून सोळा मिनिटे होती.